गुडघ्याला जत्रेची तारीख कळत नाही

"डॉक्टर, जत्रंपातूर नीट हुईल न्हवं?"

सांगलीत फिजिओथेरपी करताना हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की पोरगं दारातून लंगडत आत येतानाच ओळखू येतं: पैलवान आहे, गुडघा आहे आणि गावचं मैदान जवळ आलंय. कबड्डीवाल्याच्या तोंडी जत्रेऐवजी जिल्ह्याची निवड चाचणी असते. माण-खटावकडून आलेल्या पोराच्या तोंडी पोलीस भरती. तारीख घेऊन सगळेच येतात, पण गुडघा कुणाच्याच तारखेला बांधलेला नसतो.

हा लेख मुख्यतः एसीएल या एका लिगामेंटबद्दल आहे. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या पोटात तिरकं बांधणारी ही दोरी. ती नडगीला पुढं सरकू देत नाही, आणि पाय रोवून अंग वळवलं तर गुडघा पिळू देत नाही. सरळ चालायला ती फारशी लागत नाही. ती लागते पकडीतून सुटताना, पट काढताना, खो मिळाल्यावर झपकन दिशा बदलताना. म्हणून एसीएल तुटलेला माणूस मंडईत पिशवी घेऊन आरामात फिरतो आणि मैदानात पहिल्याच वळणाला कोसळतो.

सांगलीत आणखी एक वाक्य हमखास ऐकू येतं: "स्मृती पाच महिन्यांत परत आली की!" खरं आहे. आपल्या सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाचा गुडघा जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात महिला बिग बॅश खेळताना दुखावला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये विश्वचषकात तिनं इंग्लंडविरुद्ध ९० आणि वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६ धावा काढल्या. पण दुसऱ्याच्या एमआरआयवर आपला गुडघा बरा करता येत नाही. शिवाय फलंदाजाचा घोटा धरून कुणी त्याला मागं ओढत नाही. दुसऱ्या टोकाला आपले खाशाबा जाधव आहेत, कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलेल्या या माणसाच्या पुढच्या ऑलिंपिकच्या वाटेत गुडघाच आडवा आला. तेव्हा एमआरआय नव्हता आणि दुर्बिणीतून लिगामेंट बसवणंही नव्हतं. आज दोन्ही मिरजेत मिळतं. त्यामुळे आता घोडं अडतं ते ऑपरेशनच्या पुढच्या नऊ महिन्यांत.

खटकन आवाज आला, त्यानंतरचा पहिला दिवस

एसीएल बहुतेक वेळा कुणी न मारताच तुटतं. पाय जमिनीत रोवलेला, गुडघा आत झुकलेला आणि अंग दुसरीकडं वळलेलं, एवढं पुरतं. कबड्डीत चढाईपटू मध्यरेषेकडं वळतो आणि त्याच क्षणी कुणीतरी घोटा धरतो. मॅटवर बुटाची पकड घट्ट असते, त्यामुळे पाय सरकून सुटत नाही आणि सगळा पीळ गुडघ्यात उतरतो. कुस्तीत बऱ्याचदा समोरच्याचं वजन बाहेरच्या बाजूनं पायावर पडतं.

तीन गोष्टी आठवा. 'खट' असा आवाज आला का किंवा आत काही तुटल्यासारखं जाणवलं का? खेळ लगेच थांबवावा लागला का? आणि सूज किती वेळात आली? दोन-चार तासांत गुडघा भोपळ्यासारखा झाला तर आत रक्त जमलं आहे असं धरून चाला, आणि अशा गुडघ्यात एसीएल तुटलेलं असण्याची शक्यता मोठी असते. दुसऱ्या दिवशी हळूहळू आलेली सूज बऱ्याचदा गादीची, म्हणजे दोन हाडांमधल्या मेनिस्कसची, किंवा साध्या लचकेची असते.

पहिल्या दिवशी काय करायचं ते थोडकं आहे. खेळ थांबवा. "जरा पळून बघ" असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका, मग तो वस्ताद का असेना. पाय उशीवर उंच ठेवा, खालून वर क्रेप बँडेज बांधा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं लावा. बर्फानं दुखणं कमी होतं, लिगामेंट जुळत नाही. १९७८ मध्ये बर्फाचा सल्ला लोकप्रिय करणारे अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनीच २०१४ मध्ये कबूल केलं की बर्फानं भरून येणं लांबू शकतं. त्यामुळे दोन-तीन दिवस दुखण्यापुरता लावा, महिनाभर नको.

गरम तेलाची मालीश, गरम लेप आणि ओढून 'बसवणं' पहिल्या काही दिवसांत अजिबात नको. हाडवैद्यांवर माझा राग नाही, बोटं आणि घोटे यांची त्यांची समज मी जवळून पाहिली आहे. पण रक्तानं भरलेला गुडघा चोळला तर सूज वाढते, आणि तुटलेली दोरी चोळून जुळत नाही.

गुडघ्याचा आकार बिघडला असेल, पाऊल थंड पडलं असेल, बधिर असेल किंवा वर उचलता येत नसेल तर तासाभराचाही उशीर नको. गुडघा निखळताना मागची मोठी रक्तवाहिनी दुखावली जाऊ शकते आणि मग पायच धोक्यात येतो. गुडघा अर्ध्यात अडकला आणि सरळच होत नसेल तर गादीचा तुकडा मध्ये आलेला असू शकतो. अशा वेळी त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

तीन आठवड्यांचा चकवा

साधारण तीन आठवड्यांत सूज उतरते, दुखणं जातं, माणूस नीट चालतो. घरचे म्हणतात, झालं बरं. पोरगं तालमीत जातं आणि गुडघा 'सटकतो'. पुन्हा सूज, पुन्हा तीन आठवडे. असं चार-पाच वेळा झालेले पैलवान माझ्याकडं येतात तेव्हा एसीएलपेक्षा मोठं नुकसान गादीचं झालेलं असतं. गादी एकदा गेली की चाळिशीतच गुडघा झिजायला लागतो. एसीएल नवं बसवता येतं, पण आपल्या मूळ गादीच्या तोडीची गादी कुठं मिळत नाही.

म्हणून सूज उतरायला लागली की, दहाएक दिवसांनी, पुन्हा तपासून घ्या. सुजलेल्या गुडघ्यात स्नायू आवळलेले असतात आणि तपासणी फसवी ठरते. अनुभवी हात गुडघा थोडा वाकवून नडगी पुढं ओढून पाहतो. याला लॅकमन चाचणी म्हणतात. या एका चाचणीत बहुतेक निदान होतं, एमआरआय त्याला दुजोरा देतो आणि गादीची अवस्था सांगतो. रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना तीनच प्रश्न विचारा: लिगामेंट पूर्ण तुटलंय की अर्धवट, गादी फाटली आहे का आणि ती शिवण्यासारखी आहे का, आणि बाजूचं दुसरं लिगामेंट गेलंय का.

ऑपरेशन करायचं का?

इथं लोक दोन टोकांना असतात. काहींना "उद्याच करून टाका" असं वाटतं, तर काहींना "गुडघ्याला कधी हत्यार लावू नये" असं. संशोधन या दोघांच्या मधलं काहीतरी सांगतं.

स्वीडनमधल्या एका अभ्यासात ताजं एसीएल तुटलेल्या १२१ तरुणांचे चिठ्ठी टाकून दोन गट केले. एका गटाचं ऑपरेशन लवकर, दुसऱ्याचा आधी व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे सरासरी सारखेच होते, आणि पाच वर्षांनीही व्यायामाच्या गटातल्या जवळपास निम्म्यांना ऑपरेशन लागलं नव्हतं. मग २०२२ मध्ये ब्रिटनमधला ३१६ जणांचा अभ्यास आला, त्यात ऑपरेशनवाले सरस ठरले. यात विरोध नाही. ब्रिटनच्या अभ्यासातले गुडघे ताजे नव्हते, ते बऱ्याच दिवसांपासून सटकणारे होते. म्हणजे ताज्या गुडघ्याला व्यायामाची संधी द्यायला हरकत नाही, पण सटकतच राहणाऱ्या गुडघ्याला नुसत्या व्यायामावर ठेवून उपयोग नाही. ऑस्ट्रेलियात ताज्या दुखापतीनंतर गुडघा चार आठवडे काटकोनात ब्रेसमध्ये अडकवून पुढं हळूहळू मोकळा करण्याचा प्रयोग झाला. २०२३ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत ८० पैकी सुमारे ९० टक्के जणांच्या तीन महिन्यांनंतरच्या एमआरआयमध्ये लिगामेंट जुळत आल्याची चिन्हं होती. पण तो अभ्यास तुलनेसाठी दुसरा गट न ठेवता झालेला आहे, आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका सांभाळावा लागतो. घरी करून बघायचा हा प्रकार नाही.

माझं मत विचाराल तर: दुकान, नोकरी, शेती आणि सकाळचं चालणं एवढंच असेल तर तीन महिने मन लावून व्यायाम करा आणि मग ठरवा. कुस्ती, कबड्डी, खो-खो, फुटबॉल पुन्हा खेळायचं असेल किंवा गादी शिवायची असेल, तर बहुतेक वेळा ऑपरेशनकडंच जावं लागतं. भरतीवाल्या पोरांसाठी वेगळी सूचना आहे. १६०० मीटर सरळ धावणं एसीएलशिवायही काहींना जमतं, पण ज्या दलात जायचंय त्याच्या वैद्यकीय तपासणीचे निकष ऑपरेशनआधी वाचून घ्या. नंतर वाचून हळहळणारे मी पाहिलेत.

ऑपरेशनआधीचे चार आठवडे वाया घालवू नका

अमेरिकेतले सर्जन डोनाल्ड शेलबोर्न यांनी १९९० मध्ये एक गंमत नोंदवली. ऑपरेशननंतर जे पेशंट सांगितलेलं ऐकत नव्हते, लवकर चालायचे, लवकर पाय सरळ करायचे, त्यांचे गुडघे आज्ञाधारक पेशंटपेक्षा बरे होते. महिनोन्‌महिने जखडून ठेवण्याची पद्धत तिथून मागं पडत गेली. त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली ती अशी की सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर घाईनं ऑपरेशन केलं तर तो आखडून राहण्याचा धोका वाढतो.

म्हणून टेबलावर जाण्याआधी सूज जवळजवळ गेलेली, गुडघा दुसऱ्या पायाइतका पूर्ण सरळ होणारा आणि मांडी घट्ट आवळता येणारी हवी. याच काळात चांगल्या पायाची मोजमापं वहीत लिहून ठेवा: एका पायावर उडी किती सेंटिमीटर, एका पायावर खुर्चीतून किती वेळा उठता येतं, जिममधल्या लेग एक्स्टेंशनवर किती वजन दहा वेळा उचलतं. का, ते पुढं येईल.

तुटलेल्या एसीएलच्या जागी बसवायची दोरी आपल्याच पायातून घेतात. ती कुठून घ्यायची हा निर्णय सर्जनचा, पण प्रश्न विचारायचा हक्क तुमचा. मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी आपल्याकडं सर्वांत जास्त वापरतात. वाटीखालची, दोन्ही टोकांना हाड असलेली पट्टी तरुण खेळाडूंत पुन्हा तुटण्याचं प्रमाण कमी ठेवते, पण पुढं गुडघ्यावर टेकताना दुखू शकतं. पैलवानाला मातीत गुडघे टेकावेच लागतात, तेव्हा हे सर्जनना आधी सांगा. मांडीच्या पुढची दोरीही वापरतात.

घरातली तयारी कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. खाली बसायचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणून ठेवा. झोपायची सोय खालच्या मजल्यावर. कुबड्या आधीच घेऊन त्यावर चालायचा सराव. दवाखान्यात आरोग्यमित्र असतात, त्यांच्याकडं महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का ते रेशनकार्ड दाखवून विचारा, आणि हे भरती होण्याआधी. घरी सोडताना ऑपरेशनची पूर्ण नोंद मागून घ्या: दोरी कुठली, गादी शिवली का कापली. "गादी शिवलीय का?" असं विचारलं की निम्मे पेशंट माझ्याकडं बघत राहतात, आणि पहिल्या सहा आठवड्यांचा सगळा व्यायाम त्याच उत्तरावर ठरतो.

पहिले दोन आठवडे: सरळ, सरळ, सरळ

या दोन आठवड्यांत वाकवण्यापेक्षा सरळ करणं महत्त्वाचं. आई प्रेमानं गुडघ्याखाली उशी ठेवते, ती काढा. उशी टाचेखाली द्यायची, म्हणजे गुडघा आपल्या वजनानं खाली जातो. दहा मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. पहिल्या महिन्यात जो गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तो वर्षभर लंगडतो, आणि दोन-चार अंशांची ही उणीव खेळाडूलाच कळते, इतर कुणाला दिसत नाही.

दुसरं काम मांडी जागी करणं. सूज आली की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला जणू बंदच करतो. पैलवानाची हजार बैठकांची मांडी आठ दिवसांत हलेनाशी होते आणि तो घाबरतो. गुडघा खाली दाबून मांडी आवळा, पाच सेकंद धरा, सोडा. दिवसात शे-दोनशे वेळा. जमत नसेल तर विजेच्या यंत्रानं स्नायू उठवावा लागतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. गुडघा न वाकता पाय सरळ उचलता आला की एक पायरी चढलात.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी.

पोटरी दुखून सुजली, धाप लागली, ताप आला, टाक्यांतून पू आला, तर फिजिओची वाट न बघता सर्जन गाठा.

दुसरा आठवडा ते तिसरा महिना

गादी शिवलेली नसेल तर चालणं लवकर सुरू होतं. शिवली असेल तर साधारण चार ते सहा आठवडे वजन कमी आणि वाकवणं ९० अंशांपर्यंतच. ही मर्यादा सर्जनची, ती फिजिओनं किंवा वस्तादानं बदलायची नाही.

स्टँडवरची सायकल, भिंतीला टेकून अर्ध्या बैठका, टाचा उचलणं, एका पायावर तोल. मागच्या मांडीची दोरी घेतली असेल तर सहा-आठ आठवडे मागच्या मांडीला जोराचा व्यायाम नको, नाहीतर एखाद्या सकाळी मागं 'फट' होतं. टाके पूर्ण भरल्यावर पोहणं चालतं, पण बेडकासारखे पाय मारणं नको, आणि कृष्णेच्या घाटावरच्या शेवाळलेल्या पायऱ्या तर नकोच. गाडीची किक आणि ऊसाच्या सरीतून चालणं तीन महिने विसरा.

रोज सकाळी सूज तपासायची एक सोपी रीत आहे. पाय सरळ ठेवून गुडघ्याच्या आतल्या बाजूनं तळहात दोनदा वर फिरवा, मग बाहेरच्या बाजूनं एकदा खाली. आतल्या खळग्यात पाण्याची लाट उमटली तर सूज आहे. काल नव्हती आणि आज आहे, तर कालचा व्यायाम जास्त झाला. एवढ्यासाठी मला फोन करायची गरज नाही, आज निम्मा करा.

आणि आता सगळ्यात फसवी गोष्ट. बसवलेली दोरी लगेच लिगामेंट होत नाही. तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, तिच्यातल्या पेशी मरतात आणि नव्या येतात. सहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या आसपास ती सगळ्यात कच्ची असते. नेमकं तेव्हाच दुखणं संपलेलं असतं, चालणं सुधारलेलं असतं, आणि दोस्त म्हणतात, "काय झालंय तुला?"

मी स्वतः चढाईपटू होतो, आणि माझंही एसीएलचं ऑपरेशन झालं होतं. पाचव्या महिन्यात, दुखत नाही एवढ्या जोरावर, एका गावच्या सामन्यात उतरलो. तिसऱ्या चढाईत पुन्हा तोच आवाज. तोवर मला कुणी एकही चाचणी घ्यायला सांगितली नव्हती, आणि मीही विचारलं नव्हतं.

खुराक आणि बैठका

ऑपरेशन झालं तरी पैलवानाचा खुराक थांबत नाही, तूप-बदाम-थंडाई चालूच. तीन महिन्यांत वजन आठ-दहा किलो वाढतं आणि ते सगळं त्याच गुडघ्यावर येतं. या काळात तूप कमी करा, प्रथिनं कमी करू नका. वजनाच्या दर किलोमागं दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ११२ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, लिटरभर दुधात ३२ च्या आसपास, बाकीचं मटकी, हरभरा, डाळ, मटण यांतून. तंबाखू आणि सिगारेट बंद.

जोर पहिल्या महिन्यानंतर हळूहळू चालतात. बैठकांची घाई मात्र सगळ्यांना असते. पूर्ण खोल बैठक तिसऱ्या-चौथ्या महिन्याआधी नको, गादी शिवली असेल तर सहा महिन्यांपर्यंतही थांबावं लागतं. आणि एक कडू गोष्ट: पाचशे बैठका मारूनही ऑपरेशनचा पाय बारीकच राहू शकतो, कारण चांगला पाय गुपचूप जास्त भार उचलतो. आरशासमोर बैठक मारून बघा, कंबर एका बाजूला सरकलेली दिसेल. म्हणून एका पायाचे व्यायाम हवेत: एका पायावर खुर्चीतून उठणं, पायरीवरून सावकाश उतरणं, लेग प्रेस एकेका पायानं. लेग एक्स्टेंशनचं यंत्र एसीएलला वाईट असं पूर्वी मानत. आता ९० ते ४५ अंशांच्या टप्प्यात साधारण चौथ्या आठवड्यापासून वजनाशिवाय सुरू करून हळूहळू वाढवतात. मांडी भरून यायला त्याच्यासारखं दुसरं साधन कमी आहे.

धावणं, उड्या, वळणं

धावायला तिसऱ्या-चौथ्या महिन्याआधी नाही, आणि तेही सूज शून्य, गुडघा पूर्ण सरळ आणि ऑपरेशनच्या पायाची ताकद दुसऱ्याच्या निदान ७० टक्के असेल तरच. सुरुवात सपाट मैदानावर, एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं. साताऱ्याच्या पोरांना यवतेश्वरचा घाट खुणावतो, पण उतारावर गुडघ्याला बसणारा मार चढाच्या कितीतरी पट असतो. घाट शेवटी.

मग दोन पायांवर उडी आणि शांत उतरणं. आवाज न करता उतरता आलं पाहिजे, गुडघा आत झुकता कामा नये. मोबाइलवर समोरून चित्रण करून स्वतः बघा, सांगण्यापेक्षा दिसलेलं पटतं. त्यानंतर एका पायावर उडी, मग ४५ अंशांचं वळण, मग ९०, मग शिट्टी वाजली की अचानक वळण.

चाचणी दिल्याशिवाय मातीत नाही

नॉर्वे आणि अमेरिकेतल्या १०६ खेळाडूंचा एक अभ्यास २०१६ मध्ये आला. ताकद आणि उड्यांच्या सगळ्या चाचण्या पास होऊन मैदानात गेलेल्यांपैकी ५.६ टक्के पुन्हा जायबंदी झाले, पास न होता गेलेल्यांपैकी ३८.२ टक्के. आणि नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन जितकं लांबवलं, त्यातल्या दर महिन्याला पुन्हा दुखापतीचं प्रमाण सुमारे निम्म्यानं उतरलं. नऊ महिन्यांनंतर आणखी थांबून तसा फायदा दिसला नाही. "नऊ महिने" हा आकडा इथून आला आहे, कुठल्या डॉक्टरच्या भित्रेपणातून नाही. पण नुसते नऊ महिने घरी बसून काढले तर त्यांची किंमत शून्य.

घरच्या मैदानात घेता येतील अशा चाचण्या:

- एका पायावर लांब उडी, त्याच पायावर थांबून. तीन वेळा मारून सर्वांत चांगली मोजा. चांगला पाय १५० सेंटिमीटर आणि ऑपरेशनचा १३८, तर ९२ टक्के. ९० च्या वर हवं.
- एका पायावर सलग तीन उड्या, तिरक्या रेषेवर आडव्या-तिडव्या तीन उड्या, आणि सहा मीटर अंतर एका पायावर किती सेकंदांत. सगळीकडं ९० टक्के.
- एका पायावर उभी उडी. लांब उडीत कंबर आणि घोटा गुडघ्याची चोरी झाकतात, उभ्या उडीत ती उघडी पडते.
- एका पायावर खुर्चीतून उठणं, प्रत्येक पायानं २० च्या वर.
- लेग एक्स्टेंशनवर दोन्ही पायांच्या ताकदीत १० टक्क्यांहून कमी फरक. मोठ्या केंद्रात आयसोकायनेटिक यंत्र (ठरावीक वेगानं पाय हलवून ताकद मोजणारं) असेल तर एकदा पैसे खर्च करून तिथं मोजा.

आता ती वही काढा. नऊ महिन्यांत चांगला पायही रोडावलेला असतो. आजच्या चांगल्या पायाशी तुलना केली तर ९५ टक्के येतात आणि आपण खूश होतो. ऑपरेशनआधीच्या नोंदीशी केली तर तेच कधी ८० निघतात. तुलना जुन्या आकड्याशीच करायची.

एक चाचणी मनाची. "गुडघा पुन्हा जाईल ही भीती डोक्यात असताना तू पकडीत शिरशील का?" याचं उत्तर पोरं तोंडावर खोटं देतात, म्हणून बारा प्रश्नांची एक प्रमाणित प्रश्नावली आम्ही भरून घेतो. साडेसात हजारांहून जास्त खेळाडूंचे अभ्यास एकत्र केले तेव्हा ८१ टक्के कुठल्या ना कुठल्या खेळात परतलेले दिसले, पण स्पर्धेच्या पातळीवर ५५ टक्केच. बाकीच्यांपैकी सगळ्यांचेच गुडघे कच्चे होते असं नाही. भीती वाटणाऱ्या पोराला "मर्द हो" म्हणून ती जात नाही, पायरी-पायरीनं खेळात नेल्यावर जाते.

पायरी-पायरीनं मैदान

पैलवानासाठी माझा क्रम असा: सहाव्या महिन्यानंतर जोडीदाराशिवाय पवित्रे आणि डावांच्या हालचाली. मग प्रतिकार न करणाऱ्या जोडीदारावर डाव. मग नुसती खडाखडी, पायाला हात नाही. नवव्या महिन्यानंतर, चाचण्या पास झाल्यावर, आपल्यापेक्षा हलक्या आणि समजूतदार पोराशी पूर्ण कुस्ती, आधी मऊ मातीत. एकलंगी आणि पायात पाय अडकवणारे डाव सर्वांत शेवटी. मैदानाची पहिली जोड लावताना वस्तादानं जोडीदार निवडावा, इनामाची रक्कम बघून नको.

कबड्डीत रिकाम्या मैदानात पायांची हालचाल, मग पकडायची परवानगी नसलेल्या बचावपटूंसमोर चढाई, मग साखळीसमोर, आणि घोट्याची पकड सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीवर निदान दोन आठवडे, आणि दुसऱ्या दिवशी सूज आली की एक पायरी खाली.

स्पर्धेला उतरणाऱ्यांनी औषधं तपासून घ्या. ट्रामाडॉल हे दुखण्याचं औषध १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात बंदी असलेल्या यादीत आहे, आणि सूज उतरवणारं स्टिरॉइडचं इंजेक्शन, अगदी सांध्यात दिलेलंसुद्धा, २०२२ पासून. "मला डॉक्टरांनी दिलं होतं" हे उत्तेजक चाचणीत चालत नाही, आधी परवानगी घ्यावी लागते. जिममधल्या डब्यातल्या पावडरीबद्दल तर बोलायलाच नको.

खांदा आणि घोटा, थोडक्यात

खांदा पहिल्यांदा निखळला तर तालमीत ओढून बसवू नका, आधी एक्स-रे. विशीच्या आतल्या खेळाडूचा खांदा पुन्हा निखळण्याचं प्रमाण फार मोठं आहे, त्यामुळे पहिल्याच वेळी सर्जनचं मत घ्या. घोटा मुरगळला आणि त्या पायावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे हवा. नसेल तर दोन-तीन दिवसांत हालचाल सुरू करा आणि एका पायावर तोल सांभाळण्याचा व्यायाम सहा आठवडे सोडू नका. तो सोडला की तोच घोटा वर्षात तीनदा मुरगळतो.

परतल्यावर

पंचविशीच्या आत एसीएलचं ऑपरेशन करून खेळात परतलेल्यांपैकी जवळपास चौघांतल्या एकाला पुन्हा एसीएलची दुखापत होते, आणि त्यात दुसऱ्या, धडधाकट गुडघ्याचाही वाटा मोठा असतो. म्हणून मी दोन्ही पायांचा व्यायाम सांगतो आणि तो खेळत असेपर्यंत सांगतो. फुटबॉलसाठी तयार झालेला वीस मिनिटांचा वॉर्मअप, ज्यात धावणं, तोल, उडी मारून नीट उतरणं आणि मागच्या मांडीचे व्यायाम आहेत, तो नॉर्वेतल्या १३ ते १७ वर्षांच्या मुलींच्या संघांवर वापरून पाहिला तेव्हा दुखापती सुमारे एक तृतीयांशानं कमी झाल्या. सांगली-मिरजेच्या ज्या कबड्डी आणि खो-खोच्या संघांना मी तो शिकवला, त्यांना पहिले पंधरा दिवस कंटाळा आला. मुलींचे संघ टिकले. मुलांच्यात दोन संघांनी अर्ध्यात सोडला, आणि त्यातल्या एकाचा चढाईपटू सध्या सोमवार आणि गुरुवारी माझ्याकडं येतो. सहावा महिना चालू आहे, लांब उडी ८४ टक्के. परवा विचारत होता, जत्रेला नुसतं बघायला गेलं तर चालेल का. म्हटलं, जा, पण लंगोट घरी ठेवून जा.